कॉलेजच्या अ‍ॅडमिशन साइटवरचे विद्यार्थी-ब्लॉग किती खरे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायला जायचं ठरलं की बहुतेक घरांत रात्री एकच उद्योग चालतो: कॉलेजच्या साइटवर तिथल्या मुलांनी लिहिलेले ब्लॉग वाचायचे. माहितीपुस्तिकेपेक्षा ते वाचायला बरे वाटतात. डॉर्ममधली गळकी शॉवर, मध्यरात्रीचं मॅगी, फिजिक्सचा असाइनमेंट असं सगळं त्यांत असतं. मग शंका येते की हे खरंच मुलांनी लिहिलंय, की मार्केटिंगवाल्यांनी? खालचे प्रश्न मुख्यतः अमेरिकी कॉलेजांबद्दल आहेत, कारण ही पद्धत तिथेच रुजली. ब्रिटन आणि महाराष्ट्राचा विषय जिथे येतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

हे ब्लॉग खरंच विद्यार्थीच लिहितात का?

नावाजलेल्या कॉलेजांत बहुतेक वेळा हो. एमआयटी, येल, टफ्ट्स, जॉन्स हॉपकिन्स यांच्या अ‍ॅडमिशन ऑफिसांनी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं आहे. नाव खोटं, माणूसच अस्तित्वात नाही, असा प्रकार तिथे होण्याची शक्यता फार कमी, कारण त्याच कॅम्पसवर हजारो मुलं असतात आणि चोरी आठवडाभरात उघडी पडेल. त्यामुळे ‘कोणी लिहिलं?’ यावर फार डोकं खपवू नका. हा लेखक कोणी निवडला, विषय कोणी ठरवला आणि काय छापलं गेलं नाही, हे विचारण्यात जास्त अर्थ आहे. पोस्टमधलं प्रत्येक वाक्य खरं असूनही तीस पोस्ट वाचून बनलेलं चित्र चुकीचं असू शकतं.

मजकुरावर संपादनाचा हात किती फिरतो?

कॉलेजागणिक फरक आहे, पण ढोबळमानाने चार पद्धती दिसतात.

पहिलीत विद्यार्थी लिहितो आणि स्वतःच प्रसिद्ध करतो, ऑफिस आधी वाचत नाही. ही दुर्मीळ. दुसरीत ऑफिसातला एक कर्मचारी शुद्धलेखन, दुसऱ्यांची नावं आणि कायदेशीर अडचणी तेवढ्या पाहतो. तिसरी सगळ्यात जास्त आढळते. तिच्यात महिन्याचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं: सप्टेंबरमध्ये ‘माझी रूम’, ऑक्टोबरमध्ये ‘मी हे कॉलेज का निवडलं’, मार्चमध्ये ‘निकालाच्या दिवशी’. मुलगा लिहितो आपल्या शब्दांत, पण प्रश्न त्याचा नसतो. चौथीत मार्केटिंग विभाग विद्यार्थ्याची अर्ध्या तासाची मुलाखत घेतो, मजकूर स्वतः तयार करतो आणि विद्यार्थ्याच्या नावाने लावतो.

तिसरी आणि चौथी ओळखायची सोपी खूण म्हणजे शीर्षकं. पाच वेगवेगळ्या लेखकांच्या पोस्टची शीर्षकं एकाच साच्यातली असतील, प्रत्येक पोस्ट साधारण तेवढ्याच लांबीची असेल आणि शेवटी अर्ज करण्याचं किंवा कॅम्पस-भेटीचं बटण असेल, तर वेळापत्रक ऑफिसचं आहे. मोकळ्या ब्लॉगवर एक पोस्ट दोनशे शब्दांची असते, दुसरी तीन हजारांची, आणि एखादा लेखक परीक्षेच्या काळात सहा आठवडे गायब असतो.

सगळे एमआयटीचंच उदाहरण का देतात?

कारण त्यांनी २००४मध्येच सुरुवात केली, आणि तीही ब्लॉग कोपऱ्यात न ढकलता अ‍ॅडमिशन साइटच्या पहिल्याच पानावर ठेवून. मजकूर न कापता छापायचा आणि खाली वाचकांच्या कमेंट चालू ठेवायच्या, हे धोरण. ब्लॉगर निवडले जातात लिखाणाचे नमुने मागवून. २०१२मध्ये तिथल्या एका विद्यार्थिनीने अभ्यासाच्या ताणाखाली कोलमडण्याबद्दल उघडपणे लिहिलं, ते अ‍ॅडमिशनच्याच साइटवर आलं आणि कॅम्पसभर त्यावर बोलणं सुरू झालं. अर्जदारांना आकर्षित करण्यासाठीच्या जागेवर असं काही छापायला धाडस लागतं, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं.

जाता जाता: ज्या ऑफिसने हे सुरू केलं, त्याच्या प्रमुखांनी आपल्या पदव्यांबद्दल खोटी माहिती दिल्याचं उघड झालं आणि २००७मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. ब्लॉग प्रामाणिक असणं आणि संस्थेतला प्रत्येक कागद प्रामाणिक असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेखकांना पैसे मिळतात का? मिळत असतील तर लिखाण विकतचं नाही का?

अनेक ठिकाणी मिळतात. न्यूयॉर्क टाइम्सने २००९मध्ये दिलेल्या बातमीप्रमाणे एमआयटीचे ब्लॉगर तासाला १० डॉलर घेत, आठवड्याला जास्तीत जास्त चार तासांचे. म्हणजे लायब्ररीत पुस्तकं लावण्याच्या कामाइतकेच. एवढ्या रकमेसाठी कोणी खोटं रचून लिहील हे पटत नाही.

दबाव येतो तो वेगळ्या बाजूने. ज्या ऑफिसने काम दिलं, त्यातले लोक ओळखीचे होतात. पुढे त्यांच्याकडून शिफारसपत्र हवं असतं, उन्हाळ्यात टूर-गाइडचं काम हवं असतं. शिवाय पूर्ण नावाने लिहिलेली पोस्ट चार वर्षांनी नोकरी देणारा वाचणार आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. अशा वेळी कोणी ‘हे लिहू नकोस’ म्हणावं लागत नाही, मूल स्वतःच हात आखडता घेतं.

एखादी तक्रारीची पोस्ट दिसली, म्हणजे ब्लॉग विश्वासाचा समजायचा ना?

तक्रार कशाबद्दल आहे ते पाहा. थंडी, डायनिंग हॉलमधलं बेचव जेवण, लाँड्रीची रांग या तक्रारींनी कॉलेजचं काही बिघडत नाही, उलट ब्लॉग खरा वाटायला मदतच होते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ‘आमचा मुलगा जरा अबोल आहे’ सांगतात, कर्ज सांगत नाहीत, तसंच हे.

कॉलेजला खरोखर बोचणारे विषय मोजकेच आहेत: मधल्या वर्षात कमी झालेली आर्थिक मदतीची रक्कम, हव्या त्या मेजरला (मुख्य विषयाला) प्रवेश न मिळणं, समुपदेशन केंद्रातली प्रतीक्षायादी, प्राध्यापकाविरुद्धची तक्रार, वर्ष सोडून घरी जावं लागणं. यांतल्या एखाद्यावर नाव-गावासकट पोस्ट असेल तर त्या साइटला वरचे गुण द्या.

मग फसगत नेमकी होते कुठे?

निवडीत. हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बाकीचे बहुतेक प्रश्न इथूनच निघतात.

ब्लॉगर व्हायला अर्ज करतो कोण? ज्याला कॉलेज आवडलंय, ज्याचं इंग्रजी लिखाण सफाईदार आहे आणि ज्याच्याकडे आठवड्याचे तीन-चार तास मोकळे आहेत. जो वीस तास काम करून खर्च भागवतो त्याच्याकडे हा वेळ नसतो. ज्याचा दोन विषयांत बोजवारा उडालाय तो या भानगडीत पडत नाही. जो सोडून गेला तो तर यादीतच नसतो. म्हणजे ऑफिसने एक अक्षरही कापलं नाही, तरी लेखकांचा गट आधीच चाळणीतून गेलेला असतो.

त्यावर ऑफिसची दुसरी चाळणी बसते. त्यांना प्रत्येक प्रकारचा एकेक चेहरा हवा असतो: एक खेळाडू, एक संगीतवाला, एक ग्रामीण भागातला, एक परदेशी. त्यामुळे साइटवर सहा ब्लॉगरांत एक भारतीय दिसतो आणि वाटतं की वर्गात सहात एक भारतीय असेल. ब्लॉगरांच्या फोटोंवरून कॅम्पसचं प्रमाण कधीही काढू नका.

तिसरी गोष्ट वर्षाची. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी उत्साहाने लिहितो, तिसऱ्या वर्षी इंटर्नशिप आणि प्रोजेक्टमध्ये त्याचं लिखाण आटतं. पोस्ट मोजल्या तर पहिल्या वर्षाचं पारडं जड निघतं. एमआयटीत तर पहिल्या सेमिस्टरचे निकाल पास किंवा ‘नोंद नाही’ असेच लागतात, नापास झालं तरी ते ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) उमटत नाही. ऑक्टोबरमधल्या फर्स्ट-इयरच्या पोस्टमध्ये जो मोकळेपणा दिसतो, त्यात या नियमाचा वाटा मोठा आहे. तोच लेखक पुढच्या वर्षी मार्चमध्ये काय लिहितो, ते शोधून वाचा.

लेखक खरं सांगतोय. मग ते मला लागू का पडत नाही?

पैसा, व्हिसा आणि नोकरी या तीन ठिकाणी अमेरिकी नागरिकाचं खरं आणि पुण्याहून गेलेल्या मुलाचं खरं वेगळं असतं.

‘मला जवळजवळ काहीच भरावं लागत नाही’ असं लिहिणाऱ्या मुलाला पेल ग्रँट मिळत असेल. ती अमेरिकी केंद्र सरकारची मदत भारतीय नागरिकाला मिळत नाही, तिथल्या केंद्र सरकारची विद्यार्थी-कर्जंही नाहीत. सरकारी विद्यापीठांत त्या राज्याच्या रहिवाशांची फी वेगळी असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे कॅम्पसांत बाहेरच्यांना पदवीसाठी वर्षाला ३०,००० डॉलरहून जास्त रक्कम वरून भरावी लागते. ‘पहिल्याच उन्हाळ्यात स्टार्टअपमध्ये इंटर्नशिप केली’ हेही एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर सहज जमत नाही. पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर नोकरी करता येत नाही, नंतर बहुधा सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग असलेलं काम) किंवा ओपीटी (आपल्या विषयाशी जोडलेलं काम) यांच्या परवानगीनेच.

म्हणून पैशांबद्दलची पोस्ट वाचताना आधी लेखकाचं नागरिकत्व शोधा. परिचयात नसेल तर गावाचं नाव, हायस्कूलचा उल्लेख किंवा ‘फाफ्सा’ हा शब्द पाहा. फाफ्सा हा अमेरिकी सरकारी मदतीचा अर्ज. तो भरला असेल तर लेखकाचा हिशेब तुमच्या उपयोगाचा नाही.

ब्लॉग तपासायचा तर काय करायचं? दोन तास आहेत.

दोन तास पुरेसे आहेत.

आधी गेल्या बारा महिन्यांतल्या तीस पोस्ट उघडा आणि कागदावर चार रकाने आखा: मजा व सण, अभ्यास, पैसा, अडचण. प्रत्येक पोस्टची एक रेघ योग्य रकान्यात ओढा. पैशाच्या आणि अडचणीच्या रकान्यांत मिळून तीन-चार रेघाही नसतील, तर हा ब्लॉग कॅम्पसची सजावट म्हणून वाचा, निर्णयासाठी वापरू नका.

मग लेखकांचं ‘आमच्याबद्दल’ पान शोधा. निवड कशी होते, मोबदला मिळतो का, मजकूर आधी तपासला जातो का, हे तिथे लिहिलेलं असलं तर चांगली खूण. नसेल तर ऑफिसला दोन ओळींची ईमेल टाका. हे प्रश्न तिथल्या लोकांना नवे नाहीत, सरळ उत्तर देणारं ऑफिस एक-दोन दिवसांत देतं. गोलमोल उत्तर आलं तर तेही उत्तरच.

त्यानंतर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर) ब्लॉगच्या पानाचा पत्ता टाका. वर्षांची पट्टी आणि कॅलेंडर दिसेल. दोन वर्षांपूर्वीची एखादी तारीख निवडा आणि तेव्हाच्या पोस्टची यादी आजच्या यादीशी ताडून पाहा. काही पोस्ट गायब असणं हा पुरावा नव्हे. पदवी झाल्यावर अनेक जण स्वतःच जुनं लिखाण काढायला सांगतात, शिवाय साइट नव्याने बांधताना जुनी पानं गळतात. पण एकाच विषयावरच्या पोस्ट गेल्या असतील, उदाहरणार्थ संपाच्या किंवा निदर्शनांच्या महिन्यातल्या, तर नोंद घ्या.

शेवटी त्याच काळातलं विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र उघडा. हार्वर्डचं क्रिमसन १८७३पासून, येल डेली न्यूज १८७८पासून, एमआयटीचं द टेक १८८१पासून चालू आहे. क्रिमसन आणि येल डेली न्यूज विद्यापीठाच्या ऑफिसकडून चालवली जात नाहीत, आणि डॉर्मची दुरुस्ती, फीवाढ, शिस्तभंगाची प्रकरणं यांच्या बातम्या त्यांत सापडतात. सगळीच कॉलेज-वृत्तपत्रं इतकी स्वतंत्र नसतात. छोट्या कॉलेजांत छपाईचा खर्च प्रशासन देतं. तेवढं पाहून घ्या.

ब्लॉगमधले आकडे पडताळायचे कुठे?

‘कॉमन डेटा सेट’ नावाच्या, कॉलेजने स्वतः भरलेल्या दस्तऐवजात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द इंग्रजीत शोधले की बहुधा पीडीएफ मिळते. रचना सगळीकडे सारखी असते. बी विभागात पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली, सी मध्ये प्रवेश, जी मध्ये खर्च, एच मध्ये आर्थिक मदत, आय मध्ये वर्गांचा आकार. भारतीय पालकांनी सर्वांत आधी एच६ पाहावं: परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळते का, किती जणांना मिळाली आणि सरासरी किती. ब्लॉगवरची ‘कॉलेज खूप मदत करतं’ ही ओळ आणि एच६मधला आकडा शेजारी ठेवले की गोष्ट स्पष्ट होते.

सुरक्षेसाठी कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती जाहीर करायला लावणाऱ्या क्लेरी कायद्याखालचा वार्षिक अहवाल पाहा. तो दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावा लागतो आणि त्यात तीन वर्षांच्या गुन्ह्यांची आकडेवारी असते.

आकडेही डोळे मिटून घेऊ नयेत. कोलंबिया विद्यापीठ ८३ टक्के वर्ग वीसपेक्षा कमी मुलांचे असल्याचं सांगत होतं. २०२२मध्ये तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने विद्यापीठाचीच वर्ग-यादी मोजून हे प्रमाण ६३ ते ६७ टक्क्यांच्या आसपास असल्याचं दाखवलं. पुढे विद्यापीठाने स्वतःच ५७ टक्के जाहीर केलं, आणि यूएस न्यूजच्या विद्यापीठ-क्रमवारीत ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरलं. एखाद्या ब्लॉगरला हे कळण्याची सोय नव्हती. आपल्या चार वर्गांत किती मुलं आहेत, एवढंच त्याला दिसतं.

जुन्या पोस्ट वाचाव्यात का?

अनुभवासाठी वाचा, नियमांसाठी नको. एमआयटीने कोविडकाळात सॅट-अ‍ॅक्ट या प्रवेशपरीक्षांची सक्ती उठवली आणि मार्च २०२२मध्ये ती परत आणली. २०२१च्या पोस्टमधलं ‘सॅटची गरज नाही’ हे त्या दिवशी शंभर टक्के खरं होतं, आज ते वाचून बसलात तर अर्ज अपुरा राहील. तारीख न दाखवणाऱ्या ब्लॉगवरचा कुठलाही नियम ग्राह्य धरू नका.

फोटोंवर किती विश्वास ठेवायचा?

थोडा. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाने २०००मध्ये अर्जपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फुटबॉल सामन्याच्या गर्दीत एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा चेहरा संगणकावर चिकटवला होता. तो त्या सामन्याला गेलाच नव्हता. ब्लॉगरने फोनवर काढलेला, थोडा हललेला, मागे कपड्यांचा ढीग असलेला फोटो व्यावसायिक छायाचित्रकाराच्या फोटोपेक्षा जास्त सांगतो.

एआयने लिहिलेली पोस्ट ओळखता येते का?

खात्रीने नाही. आणि डिटेक्टरवर टाकून निकाल काढू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपलंच ओळख-साधन जुलै २०२३मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजी परीक्षेचे निबंध त्यांनी सरासरी निम्म्याहून जास्त वेळा यंत्राचे ठरवले. म्हणजे नाशिकच्या मुलीने मनापासून लिहिलेली पोस्ट ‘बनावट’ ठरण्याचा धोका जास्त, आणि चलाख मार्केटिंगवाल्याचा मजकूर सुटण्याची शक्यताही भरपूर.

त्याऐवजी तपशील मोजा. इमारतीचा क्रमांक, कोर्सचा क्रमांक, बसचा मार्ग, एखाद्या प्राध्यापकाची खोड, चुकलेली डेडलाइन असे पाच तपशील निवडा आणि त्यांतले दोन कॅम्पसचा नकाशा व कोर्स-यादीवर पडताळा. ‘जगभरातून आलेले मित्र’, ‘अविस्मरणीय प्रवास’ आणि ‘पाठीशी उभे राहणारे प्राध्यापक’ यांच्यापलीकडे पोस्टमध्ये काही नसेल, तर ती माणसाने लिहिली काय नि यंत्राने, वाचण्यातला वेळ गेला एवढंच.

ब्लॉगखाली कमेंट केली, लेखकाशी चॅट केलं, तर प्रवेशाला फायदा होतो का?

कॉमन डेटा सेटच्या सी७ तक्त्यात ‘अर्जदाराने दाखवलेला रस’ अशी एक ओळ असते. तिथे ‘विचारात घेत नाही’ असेल तर विषय संपला. ‘विचारात घेतो’ असेल तर कॅम्पस-भेट, माहिती-सत्राला हजेरी, ईमेल उघडणं अशा नोंदींना थोडं वजन असू शकतं. ‘सुंदर पोस्ट’ अशा कमेंटना नाही.

युनिबडीसारख्या चॅट-मंचांवर मात्र नोंदणी करताना तुमचं नाव, देश आणि आवडीचा विषय द्यावा लागतो. ही माहिती विद्यापीठासाठीच गोळा होत असते. समोर विद्यार्थी असला तरी संवाद विद्यापीठाच्या व्यवस्थेतून जातोय, हे धरून लिहा. आईवडिलांचं उत्पन्न किंवा दुसऱ्या कॉलेजचे निकाल तिथे टाकायची गरज नाही.

रेडिट, टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जास्त खरे नाहीत का?

तिथे कॉलेजचं बंधन नाही, पण लिहिणारा कोण हेही माहीत नाही. संतापलेले आणि भारावलेले दोघेच जास्त लिहितात, मधले गप्प. ‘अमुक विद्यापीठ २०२६’ नावाचा ग्रुप कन्सल्टंटनेच काढलेला असू शकतो. अनेक कन्सल्टंटना ठरावीक विद्यापीठांकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं, आणि ग्रुपवर त्याच विद्यापीठांचं कौतुक ऐकू येतं. अ‍ॅडमिन कोण, आणि कोणत्या विद्यापीठांशी त्यांचा करार आहे, हे सरळ विचारा. एज्युकेशन-यूएसए ही अमेरिकी सरकारची सल्लाकेंद्रं. त्यांचं मुंबईतलं केंद्र युसिफ (USIEF) ही संस्था चालवते. तिचं विद्यापीठांशी कमिशनचं नातं नाही.

पैसे दिल्याचं सांगणं कायद्याने बंधनकारक नाही का?

अमेरिकेत एफटीसीने (ग्राहकहित पाहणाऱ्या केंद्रीय आयोगाने) २००९मध्ये शिफारशींबद्दलच्या मार्गदर्शिकेत ब्लॉगर स्पष्टपणे आणले आणि २०२३मध्ये ती पुन्हा सुधारली. मोबदला किंवा हितसंबंध असेल तर वाचकाला कळायला हवा, असा तिचा गाभा. अडचण अशी की एफटीसीचा अधिकार मुख्यतः नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांवर चालतो, आणि नावाजलेली बहुतेक कॉलेजं ना-नफा किंवा सरकारी आहेत. त्यामुळे तिथे खुलासा हा बराचसा संस्थेच्या सभ्यतेवर सोडलेला मामला आहे.

ब्रिटनमध्ये विद्यार्थी हा ग्राहक मानला जातो. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या एएसएने नोव्हेंबर २०१७मध्ये सहा विद्यापीठांना ‘जगातल्या अव्वल एक टक्क्यात’ छापाचे दावे मागे घ्यायला लावले. तिथल्या कोर्सबद्दल वाचताना डिस्कव्हर युनी या साइटवर शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निकाल कोर्सवार मिळतात. ब्लॉगपेक्षा ते आधी पाहा.

मी एमएसला जाणार आहे. हे ब्लॉग माझ्या कामाचे आहेत?

फारसे नाहीत. अ‍ॅडमिशन साइटवरचे बहुतेक ब्लॉग पदवीच्या मुलांचे असतात. एमएसचा विद्यार्थी कॅम्पसबाहेर चौघांत घर घेतो, असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचं पगारी काम) शोधतो, आणि त्याचं सगळं जग एका डिपार्टमेंटपुरतं असतं. तुम्ही डिपार्टमेंटची ग्रॅज्युएट हँडबुक वाचा. असिस्टंटशिप एमएसला देतात की पीएचडीलाच, हे बहुधा तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. लॅबच्या पानावर जुन्या विद्यार्थ्यांची यादी असते, त्यांतले दोघे-तिघे लिंक्डइनवर गाठा.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या साइटवरचे ‘विद्यार्थ्यांचे मनोगत’?

त्यांना ब्लॉग म्हणणं जरा जड जातं. चार ओळी, पासपोर्ट फोटो आणि ‘माझ्या यशात कॉलेजचा सिंहाचा वाटा आहे’. यावरून काहीच ठरवू नका, कारण इथे पडताळणीची साधनं मुबलक आहेत. अभियांत्रिकीसाठी सीईटी सेलच्या साइटवर कॅप फेऱ्यांचे कट-ऑफ शाखावार आणि प्रवर्गवार मिळतात. मान्य झालेली फी शुल्क नियामक प्राधिकरणाकडे पाहता येते. एआयसीटीईच्या मान्यतेसाठी कॉलेजला आपल्या साइटवर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ ठेवावं लागतं, त्यात शिक्षकांची नावं आणि पात्रता असते.

सर्वांत कामाचा कागद एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीचा. त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजने पाठवलेली माहिती पीडीएफच्या रूपात मिळते: किती प्रवेश झाले, किती वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि पगाराचा मध्यक किती. मनोगतात ‘चाळीस लाखांचं पॅकेज’ असतं, ते एकाचं. मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या मुलाचा पगार, तो पाहा. ही माहितीही कॉलेजनेच भरलेली असते, तरी अधिकृतपणे पाठवलेली असल्याने मनोगतापेक्षा ती बरी.

कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये नियम आणले. विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा मनोगत वापरायचं तर निवड झाल्यानंतर घेतलेली लेखी संमती लागते. हे नियम कोचिंगपुरते आहेत, कॉलेजपुरते नाहीत.

लेखकाला थेट लिहिलं तर काय विचारावं?

‘कॉलेज कसं आहे?’ विचारलं की ‘छान आहे’ येतं. घडलेल्या गोष्टी विचारा. गेल्या सेमिस्टरमध्ये कोणता कोर्स भरल्यामुळे मिळाला नाही? सल्लागाराची वेळ मिळायला किती दिवस लागले? दुसऱ्या वर्षी मदतीची रक्कम बदलली का? तुझ्या मजल्यावरून कोणी वर्ष सोडून गेलं का, आणि कॉलेजने काय केलं? जेवणाच्या प्लॅनशिवाय महिन्याला किती खर्च होतो? उत्तर ब्लॉगवर नको, ईमेलवर चालेल असं आधीच सांगा, म्हणजे त्यालाही मोकळं बोलता येईल. तीन-चार प्रश्नांच्या वर जाऊ नका, त्यालाही परीक्षा असतात.

ब्लॉगर आपले निबंधही टाकतात. ते वापरावेत?

वाचा, बांधणी पाहा, उचलू नका. सर्वाधिक वाचले गेलेले निबंध अ‍ॅडमिशन ऑफिसातल्या लोकांनीही वाचलेले असतात.

तिथे गेल्यावर मलाच ब्लॉग लिहायला सांगितलं तर?

आनंदाने लिहा, पण काम घेण्याआधी काही गोष्टी लेखी घ्या. पोस्ट आधी कोण वाचतं आणि नाकारली तर कारण सांगतात का? मजकुराचा हक्क कोणाकडे? पदवीनंतर पोस्ट काढायला सांगितली तर काढतील का? माझं वाक्य किंवा फोटो मला न विचारता जाहिरातीत वापरता येईल का? पूर्ण नावाऐवजी पहिलं नाव आणि आद्याक्षर चालेल का?

मोबदला मिळत असेल आणि तुम्ही एफ-१वर असाल, तर हे कॅम्पसवरचं काम धरलं जातं. सेमिस्टर चालू असताना सगळी कामं मिळून आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे आणि ब्लॉगचे तास त्यातच मोजले जातात. लायब्ररीत १८ तास करत असाल तर ब्लॉगसाठी दोनच उरतात. काम मिळालं की सोशल सिक्युरिटी नंबरसाठी (अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकासाठी) अर्ज करावा लागतो, त्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून पत्र घ्या. आणि जून २०२५पासून विद्यार्थी-व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. व्हिसा पुन्हा काढायची वेळ आली की तुमच्या नावाने जे काही खुलं आहे ते वाचलं जाऊ शकतं, ब्लॉगसुद्धा.